धरून ठेवलेली जागा

शेवटी ‘जाऊ या’ म्हणाला तो वेसच. इरिनाने आठवडाभर विषय काढला नव्हता, त्यानेही काढला नव्हता. शनिवारी सकाळी कॉफी ढवळता ढवळता तो एकदम म्हणाला, “नव्या रिंकला उतार केलाय म्हणे. खुर्ची थेट आत जाते.”

“जाते म्हणे,” इरिना म्हणाली.

“मग जाऊ या की. तुझा भाचा खेळतोय. एकदा बघू तरी कसा दिसतो.”

पस्तीस वर्षांत वेसने आइस हॉकीच्या रिंकचं तोंड पाहिलं नव्हतं. झोरियाचं जुनं रिंक काय, वेसच्या ब्लेकमोर गावचं काय, दोन्हीकडे लाकडी पायऱ्या आणि अरुंद दारं. चाकाच्या खुर्चीतला माणूस आत न्यायचा तर चौघांनी उचलायला हवा, आणि उचलून घेणं वेसच्या स्वभावात नव्हतं. शिवाय त्याचे पाय गेले ते झोरियाच्याच बर्फावर, म्हणजे इरिनाच्या माहेरी. ज्याच्या धडकेने गेले तो ओरेस्ट, इरिनाचा सख्खा भाऊ.

आता दोन्ही रिंकं पाडली होती. गावांत पोरंच उरली नाहीत, तर खेळणार कोण? साठ वर्षं एकमेकांची थोबाडं फोडणाऱ्या दोन गावांना मिळून एक संघ करावा लागला आणि हायवेवर दोघांच्या बरोबर मधोमध एक नवंकोरं रिंक बांधावं लागलं. नाव काय द्यायचं यावर दोन हिवाळे भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून पाटी कोरीच आहे आणि लोक नुसतं ‘नवं रिंक’ म्हणतात. आज तिथला पहिला सामना होता.

इरिनाला सामन्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला ओरेस्टच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. त्याने वेससमोर उभं राहावं आणि म्हणावं, चूक माझी होती. माफी नको, रडारड नको, गळाभेट तर मुळीच नको. या एका वाक्यासाठी ती पस्तीस वर्षं माहेराविना जगली होती. बाप गेला तेव्हा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर परक्यासारखी बसली होती आणि जेवण न घेता परत आली होती. आता आई चौऱ्याऐंशीची झाली. ती जायच्या आत ते वाक्य कानावर पडायला हवं होतं.

“चेहरा बघ तुझा,” गाडीत वेस म्हणाला. “भांडायला निघाल्यासारखी बसलीयस.”

“भांडायला नाही. ऐकायला निघालेय.”

“काय ऐकायला?”

“तुला ठाऊक आहे काय ते.”

बाहेर उणे तीस होतं, रस्त्यावरून बर्फाचा भुरका सरपटत होता, आणि वेस सगळा वेळ तेच बघत राहिला.

त्या धडकेबद्दल दोन गावांची दोन मतं होती, आणि मधे कुणी उभं राहू शकत नव्हतं. झोरियाचं शेंबडं पोरही सांगायचं की वेस ऐन वेळी वळला. ओरेस्ट खांद्याला खांदा लावायला आला होता, नियमात होता, तेवढ्यात या बहाद्दराने गर्रकन पाठ फिरवली आणि रिंकच्या कडेच्या फळ्यांत तोंडावर गेला, त्याला ओरेस्ट काय करणार? ब्लेकमोरवाले म्हणायचे, वळलाबिळला काही नाही, पाठ आधीच दिसत होती, ओरेस्टने दिसत असताना मारली. इरिनाचं तेव्हा वेसशी लग्न ठरलेलं. ती घरी येऊन बापाला म्हणाली, तातो, ओरेस्टला एकदा कबूल करायला सांग. वासिल प्रोसिशिनने जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, माझा मुलगा पाठीमागून मारणारा नाही, तुझा वेस वळला. त्याच रात्री इरिनाने पिशवी भरली होती.

पार्किंगमध्ये जागा मिळता मिळेना. दोन्ही गावं लोटली होती. दारात झोरियाचे पाद्री आणि ब्लेकमोरचे पाद्री शेजारी शेजारी उभे, आधी आशीर्वाद कुणी द्यायचा यावर अतिशय सभ्यपणे अडून बसलेले. आत गरम वाफ, तळलेल्या कांद्याचा वास, बटाटा भरलेल्या पिरोहींची रांग. उतार खरंच होता. वेसची खुर्ची सुळकन आत गेली तेव्हा तो स्वतःच हसला.

“बघ, कुणाच्या खांद्यावर न बसता आलो,” तो म्हणाला.

चाकाच्या खुर्च्यांसाठी मधल्या रेषेवर एक उंच कट्टा केला होता. पुढे कठडा, कठड्यापलीकडे उतरत जाणाऱ्या रांगा, आणि खाली बर्फ. वेसने बर्फ पाहिला आणि त्याची हनुवटी थरथरली. इरिनाने न पाहिल्यासारखं केलं. कट्ट्याच्या तोंडाशी हॅरिएट डॉइल उभी होती, ब्लेकमोरच्या पोस्टातली, आज हातावर फीत बांधून लोकांना जागा दाखवत होती.

“अगं बाई, वेस! तू आलास!” हॅरिएटने त्याचे दोन्ही हात धरले. मग तिचा चेहरा पडला. “पण रे, ही जागा... धरलेली आहे.”

“म्हणजे?” इरिना म्हणाली. “खुर्च्यांची जागा आहे ना ही?”

“आहे गं. पण सकाळी मी आले तेव्हापासून इथे कांबळं आहे. आता कांबळ्याला मी कसा हात लावू? तूच सांग.”

आणि ते खरंच होतं. आमच्याकडे रिंकमधली जागा कांबळ्याने धरतात. जुने बाक लाकडी, थंडीने हाडं गोठायची; म्हणून सकाळीच येऊन बाकावर कांबळं पसरून जायचं आणि संध्याकाळी निवांत यायचं. पसरलेलं कांबळं कुणी हलवत नाही. मग ते दारुड्याचं असो, नाहीतर मेयरचं. नव्या रिंकमध्ये प्रत्येक आसनाला नंबर होते, तिकिटावर नंबर होते, तरी सकाळपासून रांगाच्या रांगा कांबळ्यांनी झाकल्या होत्या आणि तिकिटं विकणारी पोरगी कधीच हात टेकून बसली होती.

इरिनाने कट्ट्यावर पाहिलं. कांबळं या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐसपैस पसरलेलं होतं. निळं-काळं, चौकड्यांचं. एका कोपऱ्याला शेगडीत जळल्याचं भोक.

तिच्या बापाचं कांबळं. तिने लहानपणी त्यात पाय खुपसून शेकडो सामने पाहिले होते. आणि लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने त्याचं दुसरं रूपही पाहिलं होतं. आईशेजारी जरा टेकावं म्हणून ती झोरियाच्या रिंकमध्ये गेली होती. बापाने तिला येताना बघितलं आणि काही न बोलता घडी केलेलं कांबळं उलगडून तिच्या नेहमीच्या जागेवर अंथरलं. सगळा बाक बघत होता. कुणी हललं नाही. ती तशीच उलट पावली परतली होती.

तिचं डोकं सटकलं.

“ही जागासुद्धा?” ती म्हणाली. आवाज चढला होता. “अख्ख्या रिंकमध्ये याला बसायला एवढीच एक जागा, आणि तीसुद्धा घेतली त्यांनी? म्हातारा गेला तरी हे संपत नाही!”

“इरिना, थांब जरा, विचारू कुणाला तरी,” वेस म्हणाला.

“कुणाला विचारायचंय? कांबळं ओळखत नाही का मी!”

तिने दोन मुठींत कांबळं धरलं, ओढलं आणि कठड्यावरून खाली भिरकावून दिलं. ते दोन रांगा ओलांडून पायऱ्यांवर पडलं. आजूबाजूची बोलणी एकदम थांबली. कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया चघळायचं विसरून तोंड उघडं ठेवून बघत राहिलं. झोरियातच काय, ब्लेकमोरमध्येही कुणी दुसऱ्याचं कांबळं फेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पायऱ्यांवर, जिथे ते पडलं, तिथे ओरेस्ट उभा होता. वर येत होता. हातात पुठ्ठ्याचा ट्रे आणि त्यात कॉफीचे तीन कप. दाढी पार पांढरी झाली होती, आणि इरिनाला वाटलं, हा तर हुबेहूब तातो दिसायला लागला. त्याने खाली कांबळ्याकडे पाहिलं, वर वेसकडे पाहिलं, आणि तिच्याकडे. मग त्याने तो ट्रे सांभाळून पायरीवर ठेवला, कुणी लाथाडू नये म्हणून जरा कडेला सारला, आणि आला तसा खाली उतरून दाराकडे चालायला लागला.

“ओरेस्ट!” खालून त्यांच्या आईने हाक मारली. स्टेफानिया तिसऱ्या रांगेत सुनेबरोबर बसली होती. ओरेस्ट थांबला नाही.

मग म्हातारी उठली. काठी टेकत, कठड्याला धरत, एकेक पायरी चढत वर आली. सून डोना मागून तिला सावरत होती. वाटेत कांबळं पडलं होतं, ते डोनाने उचलून खांद्यावर टाकलं.

“केलंस मनासारखं?” म्हातारी धापा टाकत म्हणाली.

“मामो, त्याने वेसची जागा अडवली!”

“अडवली नाही, मूर्ख मुली, धरली! तुमच्यासाठी धरली!” तिने काठी आपटली. “रात्रभर झोपला नाही तो. म्हणाला, खुर्चीची जागा एकच आहे, कुणी दुसरं येऊन बसेल, वेस आला आणि जागा नाही म्हणून परत गेला तर? दार उघडायच्या आधी येऊन उभा राहिला होता थंडीत. तीन जागा. तुझी, वेसची आणि त्याची.”

इरिनाने डोनाच्या खांद्यावरच्या कांबळ्याकडे पाहिलं.

“मला... मला काय माहीत?”

“विचारायला तोंड नव्हतं का तुला?” म्हातारीचे डोळे भरून आले. “तातोवर गेलीस तू. अगदी तातोवर. त्यानेही कधी विचारलं नाही कुणाला.”

“जाऊ द्या, सासूबाई,” डोना थंडपणे म्हणाली. तिने कांबळं वेसच्या मांडीवर नीट पसरलं, इरिनाकडे बघितलंही नाही. “वेस, हे तुमच्यासाठी होतं. कॉफी पण तुमचीच. थंड होईल.”

वेसने मान खाली घातली. “थँक्यू, डोना,” एवढंच तो पुटपुटला. डोना म्हातारीला घेऊन खाली गेली.

राष्ट्रगीत झालं. दोन्ही पाद्र्यांनी शेवटी एकदमच आशीर्वाद दिला. पक बर्फावर पडला, लोक ओरडायला लागले, आणि त्या सगळ्यात इरिना पुतळ्यासारखी बसून होती. हिरव्या-पिवळ्या जर्सीतला उंच, सडपातळ एड्रियन, ओरेस्टचा मुलगा, तिला दिसला. सुसाट जात होता. ओरेस्ट असाच जायचा.

“बाप असा पोराचा सामना सोडून कधी जातो का?” तिने शेवटी विचारलं.

“गेला नसेल,” वेस म्हणाला. “बाहेर असेल. जा, बघ.”

“तू एकटा?”

“मी कुठे पळून जाणार आहे? जा म्हणतो ना.”

ओरेस्ट ट्रकमध्ये बसला होता, इंजिन चालू ठेवून. काचेवर बर्फाची नक्षी जमली होती, तिने बोटाने टकटक केली. त्याने क्षणभर नुसतं पाहिलं आणि पलीकडचं दार उघडलं. ती आत बसली. पस्तीस वर्षांनी भावाशेजारी बसली आणि पहिलं लक्षात आलं ते हे, की हा अजून तीच पुदिन्याची गोळी चघळतो.

“मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “ओरेस्ट, मला खरंच वाटलं की...”

“काय वाटलं ते कळलं मला. तातोने ते कांबळं अंथरलं तेव्हा मी पण तिथेच बसलो होतो, इर्का. तेच कांबळं आणायला नको होतं. मला वाटलं, त्याच कांबळ्याने जागा धरली तर तुला कळेल. अक्कल नाही मला, दुसरं काय.”

“तेव्हा तू काही बोलला नाहीस.”

“नाही बोललो.”

हीटरचा आवाज येत राहिला. आतून लोकांचा गलका उठला आणि विरला. इरिनाच्या मनात आलं, आता विचारायचं नाही, आज नाही. पण ओरेस्ट आपणहून बोलायला लागला, स्टिअरिंगकडे बघत.

“मी वर येत होतो ते सांगायलाच येत होतो. आठवडाभर पाठ करत होतो. वेस, माझी चूक. पाठ मला दिसली होती. दिसली आणि तरी मी गेलो.”

हेच ते. शब्द न् शब्द हेच. इरिनाला वाटलं होतं की ऐकल्यावर छातीवरचा धोंडा उतरेल. तसलं काही झालं नाही. तिला नुसतं रडू आलं.

“मग इतकी वर्षं का म्हणत होतास, तो वळला म्हणून?”

“कारण तेव्हा मला तसंच दिसलं होतं. शपथेवर सांगितलं असतं.” त्याने नाक पुसलं. “मग एड्रियन खेळायला लागला. तो फळ्यांपाशी गेला, मागून कुणी आलं, की माझा जीव खालीवर व्हायचा. तेव्हापासून रोज रात्री डोळे मिटले की तेच. एखाद्या रात्री वेस वळतो. एखाद्या रात्री नाही वळत, पाठ आधीपासूनच माझ्याकडे असते. आता मला काही म्हणजे काही नक्की आठवत नाही, इर्का. मग म्हटलं, माझीच धरू. कुणाची तरी चूक असायलाच हवी ना? तो खुर्चीत आहे. मी चालतोय.”

“चल आत,” ती त्याची बाही धरून म्हणाली. “हेच त्याला सांग. मी हात जोडते. चल.”

“आज नाही.”

“रागावलास?”

“छे! रागावू कशाला?” तो कसंनुसं हसला. “एक दिवसापुरतं धैर्य गोळा केलं होतं गं. ते त्या पायऱ्यांवर सांडलं. अख्खं गाव बघत होतं. आता मी आत आलो तर ते काय बघतील? माझ्याकडे बघतील, वेसकडे बघतील. पोराचा खेळ कुणी बघणार नाही. तू सांग त्याला. तुझ्या तोंडून सांग, ओरेस्ट म्हणाला, चूक त्याची.”

ती उतरली. ट्रक सावकाश मागे सरकला, लाल दिवे हायवेकडे वळले. वारा तोंडावर सपासप मारत होता आणि इरिना कोटाची बटणंही न लावता तिथेच उभी राहिली. बोलावं ते बोलली होती, ऐकावं ते ऐकलं होतं, आणि भाऊ तरी निघून गेला होता.

ती परत आली तेव्हा तिसरा, शेवटचा पिरियड सुरू झाला होता. दोन्ही संघांचे दोन-दोन गोल. वेसने कॉफी प्यायली नव्हती.

“भेटला?”

“भेटला. गेला घरी.” ती शेजारी बसली. “वेस, त्याने कबूल केलं.”

“काय?”

“म्हणाला, पाठ दिसली होती, तरी गेलो. चूक माझी. तुला सांगायला सांगितलंय.” तिने त्याचा हात हातात घेतला. “झालं बघ. संपलं एकदाचं.”

वेसने हात काढून घेतला.

“असं म्हणाला तो?”

“अगदी असंच.”

“खोटं आहे ते.”

इरिनाला कळेना. “काय खोटं आहे?”

वेस बर्फाकडे बघत होता. “आम्ही एका गोलने मागे होतो,” तो म्हणाला. “दोन मिनिटं राहिली होती. पक माझ्या काठीपाशी, फळ्या दोन-तीन हात पुढे. मागे स्केट वाजले. मला कळलं, ओरेस्ट आहे. त्याचं येणं मी झोपेतही ओळखलं असतं. आणि मी पाठ फिरवली.”

“घाबरून.”

“घाबरून नाही. मुद्दाम.” त्याने तिच्याकडे मान वळवली. “ऐन वेळी पाठ दिली की रेफरी मारणाऱ्याला बाहेर काढतो. मग त्यांचा एक माणूस कमी, आपल्याला गोल करायची संधी. सगळेच करायचे. मी तोवर चार-पाचदा केलं होतं, काही व्हायचं नाही, दात हलायचा फार तर. त्या दिवशी फळ्यांपासून जरा लांब होतो, म्हणून सरळ डोक्यावर आपटलो. एवढंच. तुझा बाप खरं बोलत होता, इरिना. मी वळलो.”

खाली कुणीतरी पडलं, लोकांनी हुर्यो केली. इरिनाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण आलं होतं. तिला बापाने सारलेलं ताट दिसलं. चर्चमधला शेवटचा बाक दिसला. आईचे फोन, सुनेच्या नकळत, न्हाणीघराचं दार लावून केलेले. हे सगळं कशासाठी केलं होतं तिने?

“पस्तीस वर्षं?” तिचा आवाज फाटला. “पस्तीस वर्षं तू माझ्या शेजारी झोपलास, आणि हे बोलला नाहीस? तातो गेला तेव्हा तरी बोलायचंस!”

“तू हॉस्पिटलमध्ये आलीस ना, पिशवी घेऊन. मी डोळे उघडले तर तू समोर. म्हणालीस, आजपासून मला भाऊ नाही, बाप नाही, फक्त तू. मी बावीस वर्षांचा होतो. कमरेखाली काही जाणवत नव्हतं. तेव्हा मी काय सांगायचं होतं तुला? की परत जा, घरी, त्यांचं बरोबर आहे?” तो रडत होता, पुसतही नव्हता. “उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग तू इतकं सोडून बसली होतीस की सांगायला तोंडच उरलं नाही. मला वाटायचं, सांगितलं की तू जाशील.”

“गेले नसते,” ती म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिला कळलं की हे आपल्याला ठाऊक नाही. तेव्हा, त्या वयात, गेलीही असती. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिला त्याला मारावंसं वाटलं. तिथून उठून चालू पडावंसं वाटलं. ती उठलीसुद्धा.

“कुठे चाललीस?” वेसने विचारलं. घाबरला होता.

तिने उत्तर दिलं नाही. पायऱ्या उतरून ती तिसऱ्या रांगेत गेली. सगळी रांग तिच्याकडे बघत होती, बघू दे.

“डोना, ओरेस्टला फोन लाव.”

“कशाला?” डोना समोर बघत म्हणाली. “आणखी काही फेकायचं राहिलंय?”

“वेसला त्याच्याशी बोलायचंय.”

डोनाने मान वळवली. वर कठड्यामागे बसलेल्या वेसकडे पाहिलं, मग इरिनाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे तिला काय दिसलं कोण जाणे, ती एक शब्द न बोलता उठली. म्हातारी स्टेफानियाने सुनेच्या हातातली पर्स स्वतःकडे घेतली. “जा जा,” ती म्हणाली. “लवकर जा.”

वर येता येताच डोनाने नंबर लावला आणि फोन वेसपुढे धरला. त्याने इरिनाकडे पाहिलं.

“मी सांगू?” तो म्हणाला.

“तूच सांगायचंस. मी नाही सांगणार.” ती त्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. टेकायला दुसरं काही नव्हतं.

त्याने फोन घेतला. घंटी वाजत राहिली. मग ट्रकच्या इंजिनाची घरघर आणि ओरेस्टचा आवाज, इरिनालाही ऐकू येईल इतका मोठा. “हं, बोल डोना.”

वेसने तोंड उघडलं. तेवढ्यात खाली हिरवी-पिवळी जर्सी दोघांच्या मधून निसटली, कुणीतरी ‘मार!’ म्हणून किंचाळलं, आणि गोलचा भोंगा वाजला. सगळं रिंक उभं राहिलं. झोरियावाले ब्लेकमोरवाल्यांच्या गळ्यात पडत होते. डोना दोन्ही हात तोंडावर ठेवून रडायला लागली.

“भोंगा ना हा?” फोनमधून ओरेस्ट ओरडला. “डोना? अगं, बोल की! कुणी मारला?”

“तुझ्या एड्रियनने,” वेस म्हणाला.

पलीकडे इंजिन तेवढं चालू होतं.

“कोण बोलतंय?” ओरेस्टने हळूच विचारलं.

“ओरेस्ट, गाडी बाजूला घे,” वेस म्हणाला. “घे बाजूला आणि थांब. मला तुला एक सांगायचंय.”